तेहळांच्या घरात सासू आली कुठून?

प्रश्न : मी गेली तीन वर्षे परग्रहावर घडणारी एक कादंबरी लिहीत आहे. थंड, उथळ समुद्राच्या काठाने राहणारी ‘तेहळ’ ही तिच्यातली बुद्धिमान प्रजाती. तिची मादी आयुष्यात एकदाच, साधारण तीनशे अंडी घालते, ती फुटेपर्यंत त्यांची राखण करते आणि पिल्ले बाहेर पडताच मरते. वयात येईपर्यंत पिल्लाला लिंग नसते. या प्रजातीच्या कुटुंबव्यवस्थेवर आणि चालीरीतींवर मी सत्तर पानांचे टिपण केले आहे. त्यात विवाहाचे पाच विधी, बारसे, थोरल्या मुलाकडे जाणारा वारसा, घरातली सासूची सत्ता आणि अंत्यसंस्कार असे सगळे आले आहे. दोघांना ते वाचायला दिले. एक मैत्रीण म्हणाली, “ही तर आपलीच माणसे, हात तेवढे जास्त.” दुसरे स्नेही म्हणाले, “हे गॅझेटियर झाले, गोष्ट कुठे आहे?” चूक नेमकी कुठे होते आहे? आणि या मंडळींसाठी तो, ती, ते यांपैकी काय वापरू?

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेले टिपण मी सलग वाचले आणि माझे असे मत झाले, की त्यातल्या चौथ्या पानाची एकोणिसाव्या पानाशी अजून ओळखच झालेली नाही. चौथ्या पानावर तुम्ही लिहिता, की पिल्ले बाहेर पडताच मादी मरते. एकोणिसाव्या पानावर मात्र घरात सासू आहे, तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे आणि नव्या सुनेने तिला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असा दंडक आहे. ही सासू आली कुठून? ज्या प्रजातीत कोणाचीच आई त्याच्या जन्मापलीकडे जगत नाही, तिथे नवऱ्याची आई नावाची व्यक्ती संभवतच नाही. तीच गत थोरल्या मुलाची. तीनशे भावंडे एकाच रात्री बाहेर पडत असतील, तर त्यांच्यात थोरले कोण हे ठरवायला कोणी घड्याळ घेऊन बसले होते काय?

म्हणजे मैत्रिणीचा शेरा बरोबर आहे, पण अर्धाच. तुमचे तेहळ परके आहेत. त्यांच्या चालीरीती परक्या नाहीत. शरीर रचताना तुम्ही कल्पनेला राबवले आणि घराच्या दाराशी आल्यावर ती आपल्या ओळखीच्या घरात शिरली. हे जवळजवळ प्रत्येकाचे होते, कारण आपले शरीर आपल्याला निसर्गाने दिलेले वाटते, पण आपले घर हे ‘घर’ या शब्दाचा एकमेव अर्थ आहे असेच आपण धरून चालतो.

चालरीत ही बहुधा कोणत्या तरी अडचणीवर काढलेली तोड असते. अडचण विसरली जाते, तोड मागे उरते आणि पुढच्या पिढ्या तिला रीत म्हणतात. म्हणून ‘तेहळांचा विवाह कसा होतो’ असे विचारू नका. ‘अशा शरीराच्या जिवांची पंचाईत कुठे होईल’ असे विचारा. तुम्ही निवडलेले जीवनचक्र पृथ्वीवरही आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सुमारे १,४०० मीटर खोलीवर संशोधकांना २००७ साली एक ऑक्टोपस मादी खडकावर चिकटवलेल्या अंड्यांवर बसलेली दिसली. पुढच्या साडेचार वर्षांत ते त्या जागी १८ वेळा गेले आणि दर वेळी ती तिथेच होती. तिला एकदाही खाताना कोणी पाहिले नाही, समोर आलेले खेकडेही ती नुसती दूर सारत असे आणि तिचा रंग दर खेपेला फिका पडत गेला. २०११ च्या ऑक्टोबरात ती नव्हती, फक्त रिकामी टरफले होती. ५३ महिन्यांची राखण झाली. पण एवढी हुशार असूनही ऑक्टोपसांना घर नाही आणि परंपराही नाही. प्रत्येक पिल्लू शून्यापासून सुरुवात करते, कारण सांगणारे कोणी मागे उरत नाही.

तुमच्या तेहळांना मात्र भाषा आहे, जाळी विणण्याची कला आहे आणि पाच विधींचे लग्न आहे. मग हे सारे पिल्लांना शिकवले कोणी? पहिली पंचाईत इथे आहे, आणि तुमच्या सत्तर पानांत तिचे उत्तर मला सापडले नाही. नर मागे उरत असतील तर ते शिकवतील. ते उरतात की नाही, हे तुम्ही कुठे लिहिलेले नाही. दुसरी शक्यता मला अधिक मोलाची वाटते. ज्यांनी अजून अंडी घातलेली नाहीत, अशा माद्या शिकवतील. जरा थांबून याचा अर्थ पाहा. तेहळांमध्ये जी मादी वृद्ध आहे, ती अंडी न घातलेलीच असणार. घातली असती तर ती वृद्ध झालीच नसती. म्हणजे समाजातले सगळे शहाणपण, सगळ्या गोष्टी, वल्ह्यापासून मंत्रापर्यंतची सगळी कसबे वांझ स्त्रियांच्या हाती आहेत. आपल्याकडे जो शब्द शिवी म्हणून वापरला गेला, तो तिथे पदवी असेल. किंवा नेमके उलटे असेल: ‘आपला जीव वाचवण्यासाठी हिने तीनशे जणांना जन्म नाकारला’ असा संशय प्रत्येक वृद्धेच्या पाठीमागे फिरत असेल आणि ज्यांना तिचे उपकार हवेत तेच तिच्याविषयी कुजबुजत असतील. माझे मत विचाराल, तर या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी खऱ्या असाव्यात.

विवाहाचेही तसेच. जिच्यासाठी लग्न म्हणजे स्वतःच्या मृत्यूची तिथी ठरवणे आहे, तिच्या घरचे आमंत्रण करताना कोणते शब्द वापरतील? कोणी तिला ‘अजून एक हिवाळा थांब’ म्हणत असेल, कोणी ‘किती थांबणार’ म्हणत असेल. पुढे ढकलणे हा हक्क आहे, कर्तव्य आहे की पळपुटेपणा, यावर दोन गावांचे एकमत नसेल. तुमच्या पाच विधींपैकी चार विधी या प्रश्नाला स्पर्शही करत नाहीत, म्हणून ते वाचताना नटवलेल्या मांडवासारखे वाटतात. पाचव्याविषयी शेवटी लिहितो.

आता जरा हिशेब करू. एक मादी तीनशे पिल्ले ठेवून जाते. लोकसंख्या स्थिर राहायची असेल, तर त्यांपैकी सरासरी दोघांनीच पुढे पालक व्हायचे आहे. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याण्णव जणांचे काय होते? ती पहिल्याच हिवाळ्यात मरतात, की जगतात पण त्यांना प्रजननाची मुभा नसते? हा आकडा तुम्ही सहज लिहून गेलात, पण तेहळांचा सगळा समाज या एका वजाबाकीवर उभा राहील. बहुतेक पिल्ले मरत असतील, तर जन्मानंतर बाराव्या दिवशी बारसे हा विधी तिथे क्रूरपणा ठरेल, कारण सांभाळणाऱ्यांना रोज नावे घेऊन रडावे लागेल. तिथे नाव उशिरा मिळेल, आणि तोपर्यंत पिल्लांना हाक कशी मारायची, मोजायचे कसे, मेलेल्याचा उल्लेख करायचा की नाही, याच्या रीती तयार होतील. उलट बहुतेक जगत असतील, तर तीनशे सख्खी भावंडे हेच एक गाव झाले. मग शेजारचे गाव म्हणजे दुसऱ्या आईची पोरे आणि प्रत्येक सोयरीक म्हणजे दोन गावांमधला तह. मला पहिला पर्याय अधिक भावतो, पण निवड तुमची आहे. निवड न करता पुढे जाणे तेवढे चालणार नाही.

वारशाची गोष्ट तर तुमच्या हाती आयतीच आली आहे आणि तुम्ही ती थोरल्या मुलाच्या नावे करून टाकली आहे. मालकीण ज्या दिवशी मरते, त्याच दिवशी तिचे सगळे वारस जन्मतात. अंगठ्याएवढे तीनशे हक्कदार आणि मालमत्तेला बोलता येणारा धनी एकही नाही. ते वयात येईपर्यंत घर, जाळी, किनाऱ्याचा तुकडा कोणी तरी राखायला हवा आणि राखणाऱ्याला मोह होणारच. त्यातही हक्कदार जितके कमी उरतील तितका वाटा सोपा, हे राखणाऱ्याला कळत असते. यावर तेहळांनी काय तोड काढली असेल? बाहेरगावचा राखणदार? दर हिवाळ्याला राखणदारांची अदलाबदल? ‘कथा कुठे आहे’ असे विचारणाऱ्या स्नेह्यांना दाखवायची कथा इथे आहे. भावंडांमधली उतरंड वयावरच ठरते असेही मानू नका. ठिपकेदार तरसांच्या कळपात मुलीला आईच्या लगेच खालचे स्थान मिळते आणि धाकटी बहीण थोरलीच्या वर जाते. मधमाश्यांमधला नर फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, म्हणून त्याला बाप नसतो; मात्र आईकडून आजोबा असतो. ‘बाप नाही पण आजोबा आहे’ हे वाक्य ज्या भाषेत सहज बोलले जाते, तिच्यातले नात्यांचे शब्द कसे असतील, याची कल्पना करून पाहा.

नात्यांच्या शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या टिपणात आत्या, काका, भाचा, नणंद हे शब्द जसेच्या तसे आले आहेत. नात्यांच्या नावांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील लुईस हेन्री मॉर्गन या वकिलाने केला. मिशनरी आणि वकिलातींमार्फत प्रश्नावल्या पाठवून त्याने जगभरातून नात्यांचे शब्द जमवले आणि १८७१ साली ते प्रसिद्ध केले. हवाई बेटांवरच्या भाषेत बाप, बापाचा भाऊ आणि आईचा भाऊ या तिघांना एकच शब्द आहे. मराठीत चुलत, मामे, आते, मावस असे चार रस्ते चार घरांकडे जातात, तर इंग्रजी बोलणारा त्या सगळ्यांना एका ‘कझिन’मध्ये कोंबतो. शब्द तिथेच फुटतो, जिथे फरकाला किंमत असते: कोणाशी लग्न चालते, कोणाचे सुतक लागते, कोणाच्या घरी हक्काने राहता येते. तेहळांना काका आणि मामा वेगळे करण्याचे कारण उरत नाही. पण एकाच आईची भावंडे आणि एकाच सांभाळणारीच्या हाताखाली वाढलेली भावंडे यांच्यात मात्र त्यांना रोज फरक करावा लागेल. पहिल्यांना ‘लडभावंडे’ म्हणा, कारण तुमच्या तेहळांची अंडी लडीने लटकतात. दुसऱ्यांना ‘हातभावंडे’ म्हणा. सांभाळणारीला ‘सांभाळी’ म्हणा. मराठीच्या मातीतले असे पाच-सहा शब्द पुरतात. कृपा करून ‘झ्र्क्काथ’ वगैरे उच्चारता न येणारी नावे नात्यांना देऊ नका. वाचक ती डोळ्यांनी ओलांडतो, जिभेवर घेत नाही.

तो, ती, ते यांचा प्रश्न तुम्ही शेवटी घातला आहे, पण मराठीत लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही, कारण आपले क्रियापदच लिंग विचारते. पिल्लांसाठी ‘ते’ अगदी नैसर्गिक आहे; मूल, लेकरू, पिल्लू ही सगळी नपुंसकलिंगीच आहेत. अडचण लेखी भाषेची आहे. ‘ते आले’ म्हणजे एक पिल्लू आले, पुष्कळ जण आले की कोणी आदरणीय गृहस्थ आले, हे प्रमाण लेखनात एकट्या वाक्यावरून कळत नाही. बोलीत ‘ते आलं’ म्हटले की लगेच कळते. म्हणून निवेदन औपचारिक ठेवलेत तरी संवाद बोलीत लिहा आणि निवेदनात पिल्लाचा उल्लेख शक्यतो नामाने करा. वयात येताना लिंग ठरते, तो क्षण तर क्रियापदाच्या एका मात्रेने दाखवता येईल: काल ‘ते निजलं’, आज ‘ती उठली’. क्लाउनफिशमध्ये गटातली मादी मेली की तिचा जोडीदार नरच मादी होतो. असे काही तेहळांत आणायचे मनात असेल, तर त्याला ‘तो’ म्हणणारे जुने मित्र ‘ती’वर यायला किती दिवस घेतात, हीच एक रीत होईल.

मराठीने तुमच्या हाती आणखी एक हत्यार दिले आहे आणि ते तुम्ही वापरलेले नाही. आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. एकात समोरचा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. नाव मिळण्याआधी पिल्लाशी बोलताना सांभाळी नेहमी ‘आम्ही’ म्हणते, आणि एके दिवशी ‘आपण’ म्हणते, एवढाच जर तेहळांचा नामकरण विधी असेल, तर बाराव्या पानावरची तुमची मिरवणूक, शिंगे आणि रंगीत वाळू यांची गरज राहणार नाही.

आता ‘गॅझेटियर’ या आक्षेपाकडे येतो. बाराव्या दिवसाच्या बारशाऐवजी उशिरा नाव देण्याची रीत तुमच्या टिपणाच्या पद्धतीने लिहिली, तर वाक्य असे होईल: “तेहळ समाजात पहिला हिवाळा संपेपर्यंत पिल्लाला नाव देणे निषिद्ध मानले जाते.” हे वाक्य शुद्ध आहे, आणि वाचकाला त्याचे काहीच वाटत नाही. रीत डोळ्यांना दिसते ती मोडताना, किंवा ती पाळण्याची किंमत चुकवताना. मी तो प्रसंग असा लिहून पाहिला:

“नवी सांभाळी कपारीशी वाकली होती. कडेचे पिल्लू रोजच्यासारखे तिच्या बोटाला लटकले. ‘चल रे ठिपक्या, सोड,’ ती म्हणाली. मागची जाळे उसवण्याची करकर थांबली. म्हातारीने काही न बोलता येऊन तिचे बोट सोडवले, पिल्लू इतरांत मिसळून दिले आणि पाणी ढवळले, पुन्हा पुन्हा, कोणते कोणते हे दोघींनाही ओळखू येईनासे होईपर्यंत. ‘आता शोधू नकोस,’ ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी थंडीची लाट आली. सकाळी कपार अर्धी मोकळी होती. नवी सांभाळी कडेला बसून राहिली; तिचे बोट पाण्यात होते.”

यात निषिद्ध हा शब्द नाही आणि नियम कोणी सांगितलेला नाही, तरी तो का आहे हे वाचकाला कळते, आणि म्हातारीने पूर्वी कधी तरी कोणाला तरी नाव दिले असणार, असा संशयही त्याला येतो. तुमच्या टिपणातले बहुतेक नियम असे एकेका बोटावर आणून ठेवा. जे येत नाहीत, ते टिपणातच राहू द्या. लेखिकेला ते ठाऊक असणे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट खटकली. तुमचे सगळे तेहळ सगळ्या रीती पाळतात. असा समाज कोणी पाहिलेला नाही. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. तिथे एकाच कुळातल्या तरुण-तरुणीने संबंध ठेवणे हा घोर अपराध, असे सगळे जण त्याला सांगत. पण प्रत्यक्षात असे संबंध गुपचूप चालत आणि लोक तिकडे काणाडोळा करत. एका तरुणाच्या बाबतीत मात्र मुलीवर हक्क सांगणाऱ्या प्रतिस्पर्ध्याने सर्वांदेखत त्याच्यावर त्या अपराधाचा आरोप केला, आणि त्या तरुणाने माडावरून उडी टाकून जीव दिला. अपराध आधीपासून होता. तो उघड बोलला जाणे ही नवी घटना होती. तुमच्या तेहळांमध्येही नियम काय आहे यापेक्षा तो कोणाकोणाला माफ आहे, कोण तो पाळल्याचे सोंग करते आणि तो मोडल्याचे तोंडाने बोलण्याची हिंमत कोणात आहे, याची यादी करा. नियमाचे कारण विचारल्यावर तीन तेहळांनी तीन वेगवेगळी कारणे द्यावीत आणि तिन्ही चुकीची असावीत, असेही मला वाटते.

वाचन वाढवाल तेव्हा एक पथ्य पाळा. दक्षिण सुदानमधील नुएर समाजात निपुत्रिक मेलेल्या पुरुषाच्या नावाने त्याचा नातलग लग्न करतो आणि होणारी मुले त्या मृताचीच मानली जातात. हे वाचून ती रीत उचलून तेहळांना चिकटवण्याचा मोह होईल. तसे करू नका. एक तर ती माणसे आजही नांदत आहेत आणि त्यांच्या घरातली गोष्ट चार हातांच्या जलचरांना नेसवणे अशोभनीय आहे. दुसरे म्हणजे त्या रीतीमागची अडचण तेहळांची नाही. त्यांच्याकडून प्रश्न तेवढा घ्या: मेलेल्या व्यक्तीचा घरात हक्क चालू राहतो का? जिथे प्रत्येक आई मृतच असते, तिथे याचे उत्तर नुएरांच्या उत्तराहून फार वेगळे निघेल.

अंत्यसंस्कारांची नऊ पाने मी भरभर उलटली. मादीचे मरण लग्नातच उरकले जात असल्याने ती पाने आता नर आणि अंडी न घातलेल्या वृद्धा यांच्यापुरती उरतात आणि दोन परिच्छेदांत मावतील.

राहता राहिला पाचवा विधी. एकतिसाव्या पानावर तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, की निघण्याच्या आदल्या रात्री वधू एक जाळे विणायला घेते आणि ते मुद्दाम अर्धे सोडते. तुम्ही ते शोभेसाठी लिहिले असावे, कारण पुढच्याच ओळीत वाद्ये सुरू होतात. पण सत्तर पानांत, आपण मरणार आहोत हे ठाऊक असलेली बाई मला फक्त तिथेच भेटली. ती ओळ पहिल्या पानावर आणा, वाद्ये काढून टाका आणि कादंबरी तिथून सुरू करा. ते जाळे पुढे कोण हाती घेते, किती हिवाळ्यांनंतर, आणि तिच्याच गाठीने विणते की स्वतःच्या, हे टिपणात कुठेच नाही. पुढच्या पत्रात तेवढे कळवा.